उरलेले वीस दिवस

आठवड्याच्या अंकात आपली भेट होते ती दोन घटकांची. दिवाळी अंकाचे तसे नसते. फराळाची बशी पुढे ओढून जरा ऐसपैस बसावे, मनातले बोलावे, एवढी जागा इथे मिळते. म्हणून वर्षभर टाळत आलेला एक विषय आज काढते आहे. सणासुदीला असले बोलणे कशाला, असे कुणी म्हणेल. पण ज्या घरात हे दुखणे शिरले आहे त्या घरीही दिवाळी येतेच की! आणि त्या घरातली माणसेही दिवाळी अंक वाचतात. त्यांच्या हाती दरवर्षी फक्त चिरोट्यांची कृती ठेवायची, हे काही बरे नव्हे.

विषय कॅन्सरचा आहे. रोग कशाने होतो, नवे औषध कोणते निघाले, हे डॉक्टरांनी सांगावे. मला बोलायचे आहे ते उंबरठ्याच्या आतले.

माझी वहिनी दिव्याला राहते. ठाण्यापुढे कळवा, मग मुंब्रा, मग दिवा. मध्य रेल्वेचे हे जंक्शन. इथून एक फाटा पनवेलकडे जातो, एक भिवंडीवरून वसईकडे. गिरणगावातली एक खोली सोडून दादा-वहिनी इथल्या दोन खोल्यांत आले, त्याला आता वीस वर्षे होतील. गेल्या वर्षी ऐन पावसाळ्याच्या तोंडाशी वहिनीच्या छातीत गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली आणि मग शिरेतून द्यायची औषधे, हल्ली घरोघर जिला ‘केमो’ म्हणतात ती, सुरू झाली. सहा वेळा घ्यायची, दर एकवीस दिवसांनी एकदा. त्यासाठी परळची वारी.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पाठोपाठ १९३२ साली त्यांचे पती सर दोराबजी गेले. आणि त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून पुढे हे रुग्णालय उभे राहिले. आज देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे तिथे येतात. कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरते, कुणी परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात. त्या मानाने दिव्याची माणसे सुखी. तासाभराच्या लोकलने घरी तरी परततात.

पण हे ‘घरी परतणे’ म्हणजे काय, याचा हिशेब आम्ही कुणी केलाच नव्हता. एकवीस दिवसांतला एक दिवस परळचा. रक्त तपासायची एखादी फेरी धरा, म्हणजे दोन. बाकीचे दिवस दिव्याच्या त्या दोन खोल्यांत. परळच्या त्या एका दिवसासाठी आम्ही किती तयारी करायचो! फाईल, डबा, पाण्याची बाटली, सोबत कोण जाणार, गाडी कोणती. आणि उरलेल्या दिवसांसाठी आमच्याजवळ एकच औषध होते: “तू आराम कर.”

वहिनीच्या कमरेच्या किल्ल्या सूनबाईकडे गेल्या. दूधवाल्याचा हिशेब दादाने घेतला. भाजी निवडायला बसली, तर मुलगा पुढ्यातली परात उचलून नेई. शेजारीण आली की वहिनीला आतल्या खोलीत निजवायचे आणि बाहेर कुजबुजायचे. त्यावर कडी म्हणजे, रोगाचे नाव तिला कळू द्यायचे नाही असा घरातल्या सर्वांचा कट होता. परळच्या रुग्णालयाची पाटी वाचणारी, चौथी-पाचवीच्या मुलांच्या शिकवण्या घेतलेली बाई. तिला म्हणे ठाऊक नव्हते! पुढे एकदा मला म्हणाली, “वन्सं, मला सगळं माहीत होतं. पण तुम्ही सगळे इतके मेहनतीनं लपवत होतात, की मला कळलंय हे तुम्हाला कळू द्यायला जीव होईना.”

मायेपोटीच चालले होते हे सारे. पण या मायेने एकदा आम्हाला चांगलेच फसवले.

दुसऱ्या केमोनंतरचा दहावा दिवस असेल. रात्री वहिनीला हुडहुडी भरली. घरच्यांची झोप मोडायला नको म्हणून ती तशीच पडून राहिली. दादाला कळले तेव्हा ताप एकशे एकच्या वर होता. त्याने घरातली तापाची गोळी दिली आणि म्हणाला, सकाळी बघू. सकाळी तिला उभे राहवेना. त्यानंतरचे पाच दिवस रुग्णालयात कसे गेले, ते आठवले की अजून काळजात चर्र होते. सर्वांत लाज वाटली ती पुढेच. अशा वेळी काय करावे हे सांगणारा छापील कागद पहिल्याच दिवशी आम्हाला मिळालेला होता. तो फाईलमध्ये नीट लावलेला होता. वाचला मात्र कुणीच नव्हता. आणि जिने वाचला असता तिच्या हाती फाईल कुणी दिली नव्हती.

त्यानंतरच्या फेरीत बाकावर एक बाई भेटली. अमरावतीकडची, साठीची, वर्षाच्या तपासणीला आलेली. तिच्या आजाराला अकरा वर्षे होऊन गेली होती. तिने वहिनीला विचारले, “बाई, वही केली का?”

“कसली वही?”

“आपली. आपल्या अंगाची.”

आणि पिशवीतून तिने एक जुनी, कोपरे दुमडलेली शंभर पानी वही काढून दाखवली. परतताना वहिनीने दिवा स्टेशनबाहेरच्या दुकानातून तशीच वही घेतली. त्या वहीने आमच्या घरात काय केले, ते सांगण्यासाठीच आजचा हा लेख.

वहीत रोज चार-पाच ओळी. औषधाचा कितवा दिवस. ताप किती. काय खाल्ले, काय पोटात राहिले. कुठे दुखले आणि शून्य ते दहात किती दुखले. झोप कशी लागली. शेवटी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. एवढेच. पण दोन फेऱ्यांची पाने समोरासमोर ठेवली तेव्हा वहिनीला आपल्या दुखण्याचे वेळापत्रक दिसू लागले. पहिले चार दिवस मळमळ. त्यानंतर अंग गळाठून जाणे. सातव्यापासून चौदाव्यापर्यंत जपायचे दिवस, कारण तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात आणि लहानसा जंतूही भारी पडतो. आणि तिसरा आठवडा चांगला! आजवर एकवीसही दिवस ती आजारीच होती. वहीमुळे त्यातले सात दिवस तिला परत मिळाले.

ही काही एका बाईची हौस नव्हे. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कर्करोग रुग्णालयात ७६६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ आणि २०१७ साली प्रसिद्ध झाले. रोग शरीरात पसरलेला, केमो चालू, अशी ही माणसे. त्यांतल्या काहींनी आपला त्रास नियमाने नोंदवून परिचारिकांपर्यंत पोचवला. बाकीच्यांचे नेहमीसारखे चालले. नोंदवणाऱ्यांचे दिवस अधिक बरे गेले, तातडीने रुग्णालय गाठण्याची वेळ त्यांच्यावर कमी आली, आणि ते जगलेही जास्त: त्यांचे मध्यमान सुमारे एकतीस महिने, दुसऱ्यांचे सव्वीस. नवे औषध कुणालाच दिलेले नव्हते. त्रास वेळेवर कळला, एवढाच फरक.

आणि बाकावरची ती बाई? तिचेही भाऊबंद जगभर आहेत. अमेरिकेत टेरेस लॅसर नावाच्या बाईंनी १९५२ साली, स्वतःची स्तनाची शस्त्रक्रिया झाल्यावर, तशाच दुसऱ्या बायकांना भेटून धीर द्यायला सुरुवात केली. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या केट लोरिग या परिचारिकेने १९७० च्या दशकाच्या अखेरीस सांधेदुखीच्या रुग्णांसाठी वर्ग काढले. शिकवायला डॉक्टर नव्हेत, तेच दुखणे सोसणारी साधी माणसे. या वर्गांचा फायदा कशामुळे होतो हे शोधू गेले, तर उत्तर मोठे मौजेचे निघाले. शिकवलेले व्यायाम कुणी किती केले यापेक्षा, ‘माझ्या हाती काहीतरी आहे’ हा भरवसा कुणाला किती आला, यावर फायदा अवलंबून होता. आमच्या घरात आम्ही नेमका तोच भरवसा किल्ल्यांबरोबर काढून घेतला होता!

आता वहिनीच्या वहीतल्या कामाच्या गोष्टी सांगते. त्या आपल्या डॉक्टरांना दाखवून, त्यांच्या सल्ल्याने वापराव्यात. प्रत्येकाचे औषध वेगळे असते.

पहिली गोष्ट तापाची. घरात तापमापक हवा, आणि तो कुठे आहे हे रोग्याला ठाऊक हवे. केमो चालू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, झाला की रात्र असो की पहाट, रुग्णालयाला कळवून निघायचे. आपल्या मनाने गोळी देऊन ताप दडपायचा नाही. वहिनीने रुग्णालयाचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला आहे.

दुसरी तोंडाची. तोंड येते, अन्न कडू किंवा लोखंडासारखे लागते. मऊ ब्रश वापरावा. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भराव्यात. तिखट, आंबट, कढत टाळावे. दोन वेळचे भरले ताट समोर आणून “खा, खा” म्हणण्यापेक्षा दर दोन-तीन तासांनी वाटीभर द्यावे: मऊ भात-तूप-मेतकूट, मुगाची खिचडी, नाचणीची आंबील, मऊ शिजवलेले अंडे चालत असेल तर तेही नीट उकडून. गरम अन्नाच्या वासाने ढवळते, तेव्हा कोमट किंवा गार बरे. मळमळीची गोळी मळमळ सुरू झाल्यावर शोधायची नसते. सांगितलेल्या वेळी आधीच घ्यायची असते. पाणी उकळून गार केलेले. बाहेरची चिरलेली फळे, उसाचा रस वर्ज्य.

तिसरी थकव्याची, आणि इथे घरच्यांचा गैरसमज फार होतो. हा थकवा आळस नव्हे, आणि निजून राहिल्याने जाणाराही नव्हे. उलट, झेपेल तेवढे रोज चालल्याने तो कमी होतो, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. वहिनी इमारतीच्या गच्चीवर सकाळी दहा मिनिटे चालू लागली, पुढे वीस. बाकी शक्तीचा हिशेब ती पाण्यासारखा करते. दिव्यात पाण्याच्या टंचाईचे दिवस काढलेल्या बाईला तो शिकवावा लागत नाही. सकाळी हंडा जेवढा भरला तेवढ्यात दिवस काढायचा. आधी प्यायचे, मग स्वयंपाकाचे, उरले तर धुण्याचे. “आज नातवाचा अभ्यास घ्यायचा, म्हणून कपड्यांच्या घड्या तुम्ही घाला,” असे ती सरळ सांगते. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

चौथी हाताची. छातीच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूच्या हाताला पुढे सूज येऊ शकते. त्या हाताला भाजणे, चिरणे, डास चावणे यांपासून जपावे. घट्ट बांगड्या नकोत. शिकवलेले व्यायाम सोडू नयेत. आणि हात जड वाटला, लाल झाला, तर लगेच दाखवावा. वहिनी भिंतीवर बोटांनी वर चढत जाते. नातवाने पेन्सिलीने तिथे खुणा केल्या आहेत. त्याची उंची आणि आजीचा हात एकाच भिंतीवर मोजले जातात.

पाचवी दुखण्याची. सोसणे हा आपल्याकडे बायकांचा मोठा गुण मानतात. या रोगात तो अवगुण आहे. दुखते आहे हे सांगितल्यावाचून डॉक्टरांना कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच सांगून ठेवले आहे, की कर्करोगाच्या वेदनेवरची औषधे शक्य तर तोंडाने आणि घड्याळाच्या काट्यावर द्यावीत. असह्य होण्याची वाट पाहू नये. वेदना फार असली तर मॉर्फिन देतात. त्याचे नाव काढले की घरचे दचकतात: सवय लागेल, म्हणजे आता शेवट आला! दोन्ही भीती अनाठायी. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या औषधाचे व्यसन क्वचितच लागते. त्याने बद्धकोष्ठ मात्र होते, त्याचे औषध बरोबरच मागून घ्यावे. आपल्याकडे अफूची कायदेशीर शेती होते, आणि तरीही १९८५ च्या कडक कायद्यामुळे आपल्याच रोग्यांना मॉर्फिन मिळणे मुश्किल होते. २०१४ साली कायदा दुरुस्त होऊन ती वाट जरा मोकळी झाली.

वेदना, धाप, मनाचा कोंडमारा यांकडे पाहणाऱ्या वैद्यकाच्या शाखेला उपशामक सेवा म्हणतात. ती फक्त अखेरच्या दिवसांसाठी असते असा समज आहे. मरणोन्मुख रोग्यांसाठी भारतातले पहिले शुश्रूषागृह, वांद्र्याचे शांती आवेदना सदन, १९८६ साली सुरू झाले, तेव्हापासून या कामाची ओळख आपल्याला तशीच आहे. पण बॉस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांना ही सेवा पहिल्यापासून मिळाली त्यांचे मन कमी खचले, दिवस बरे गेले, आणि मध्यमान काढले तर ते जवळजवळ पावणेतीन महिने अधिक जगले. तेव्हा उपचार चालू असतानाच तिची चौकशी करावी.

खर्चाचेही तसेच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारावे. दागिना मोडल्यावर नव्हे.

आणि काढे, भस्मे, ‘अमक्या बुवांचे झाड’? जो तो काहीतरी घेऊन येतो. वहिनी कुणाचे मन मोडत नाही. वहीत लिहिते आणि डॉक्टरांना विचारते. विचारल्याशिवाय घेत नाही. “मन खंबीर ठेवलं की बरं होतं,” असे सांगणाऱ्यांचा मात्र तिला राग येतो. “म्हणजे बरं नाही झालं तर दोष माझ्याच मनाचा का?” असे विचारते. मला तिचे पटते. धीर हे औषध नव्हे. पण औषधाबरोबरचे दिवस जगायला तो लागतो.

राहिला तो लोकलचा प्रश्न. सकाळच्या वेळी दिव्याला गाडीत शिरणे हे धडधाकट माणसाचे काम नाही. कर्करोगाच्या रुग्णांना दिव्यांगांच्या डब्यात बसण्याची मुभा आहे. कागद जवळ ठेवावे लागतात. (लांबून येणाऱ्या रुग्णांना तिकिटात सवलतही असते, त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो.) पण वहिनी आधी त्या डब्यात पाऊल ठेवायला तयार नव्हती. लोक बघतील, ओळखीचे कुणी भेटेल, दिवाभर होईल. दोन फेऱ्या तिने बायकांच्या डब्यात, शस्त्रक्रिया झालेल्या बाजूवर पिशवी धरून, उभ्याने काढल्या. तिसऱ्या वेळी ती त्या डब्यात चढली. एका तरुणाने हटकले, “मावशी, हा डबा तुमचा नाही.” वहिनीने डोक्यावरचा रुमाल थोडा मागे केला आणि म्हणाली, “माझाच आहे बाळा. सरक जरा.” तो उठूनच उभा राहिला. त्या संध्याकाळी वहिनीने शेजारणीला स्वतःच्या तोंडाने सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशी शेजारीण कुजबुजायला नव्हे, तर गच्चीवर सोबत चालायला आली. परतीसाठीही वहिनीने तोड काढली आहे. २०१९ सालापासून परळहूनच काही लोकल सुटतात. त्या गाडीसाठी अर्धा तास थांबावे लागले तरी बसायला जागा मिळते.

किल्ल्यांचे काय झाले, ते सांगायचे राहिले. एके रात्री दादा नेहमीप्रमाणे “तू आराम कर” म्हणाला, तेव्हा वहिनीने वही मिटली आणि शांतपणे म्हणाली, “अहो, मला आजार झालाय, मी या घरात पाहुणी नाही झाले.” सूनबाईने न बोलता किल्ल्या आणून तिच्या हातात दिल्या. त्या आठवड्यात वहिनीला किल्ल्यांचे वजनही होत होते, हे खरे. पण कपाट तिच्याकडून उघडले जाऊ लागले. काय करायचे ते ती ठरवी; करायचे आम्ही.

गेल्या दिवाळीची गोष्ट सांगून आवरते. पाचवी केमो दिवाळीच्या आठवडाभर आधी आली. वहिनीने वही काढली, बोटावर मोजले आणि सांगितले, “फराळ केमोच्या आधीच्या आठवड्यात. ते माझे चांगले दिवस आहेत.” खुर्चीवर बसून तिने भाजणी भिजवून घेतली, वीस-पंचवीस चकल्या स्वतः पाडल्या आणि सोऱ्या सूनबाईच्या हाती दिला. भाऊबीजेला मी निघाले, तोच तिचा फोन आला. “वन्सं, तुमचा आवाज बसलाय. सर्दी आहे का?” होती. “मग आज येऊ नका. माझा बारावा दिवस आहे. पुढच्या शनिवारी या. तेव्हा भाऊबीज करू.”

खरे सांगते, मला राग आला. माहेरच्या भाऊबीजेला मला कुणी ‘येऊ नका’ म्हटले नव्हते. निरांजनाचे तबक तसेच पुढ्यात घेऊन मी बसून राहिले. मग हळूहळू उमजले: दोन महिन्यांपूर्वी हीच बाई रात्रभर तापाने फणफणत होती आणि कुणाची झोप मोडू नये म्हणून बोलली नव्हती. आज ती नणंदेला दारातून परत फिरवीत होती. याहून मोठे बरे होणे कोणते?

शनिवारी गेले. दादाला ओवाळले. वहिनीने चकल्यांचा डबा स्वतः उघडला.

आज तिची औषधे संपली आहेत; तपासण्या चालू आहेत. पुढचे कुणी सांगू शकत नाही, आणि ती विचारतही नाही. तपासणीच्या आधीचे दोन दिवस तिला झोप येत नाही. तेही ती वहीत लिहिते. ज्यांच्या घरी असे कुणी असेल, त्यांना या दिवाळीत एवढेच सांगणे. नवी साडी, सुका मेवा जरूर न्या. पण त्याबरोबर शंभर पानी एक वही आणि एक पेन्सिल न्या. आणि किल्ल्या ज्याच्या असतील त्याच्या हातात परत द्या.

सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा. विशेषतः ज्यांची दिवाळी यंदा बाराव्या दिवशी आली असेल, त्यांना. तुम्ही ती तुमच्या सवडीच्या शनिवारी करा. आम्ही थांबतो.